ट्यूब नको, व्हॉल्व्ह द्या!

लॅमिंग्टन रोडवर ‘ट्यूब आहे का?’ असं विचारलंत, तर काउंटरवरचा मुलगा सरळ ट्यूबलाइटच्या दुकानाकडे बोट दाखवेल. इथला शब्द आहे ‘व्हॉल्व्ह’. तो ऐकला की गल्ल्यावरचे काका चष्मा वर सरकवतात. मग पुढचा प्रश्न, ‘नंबर काय?’

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरा, थोडं चाला, की हा रस्ता येतो. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. १९७५ साली ‘शोले’ लागला ते मिनर्व्हा याच रस्त्यावरचं. आता राउटर, सीसीटीव्ही आणि मोबाइलचे पार्ट. हजारोंचा प्रीअ‍ॅम्प घरी ठेवून काचेची जुनी बाटली शोधणारे आपण इथे जरा नमुनेच ठरतो.

नंबर मात्र पाठ हवा. १२एएक्स७ म्हणजेच ईसीसी८३. एक अमेरिकन नाव, दुसरं युरोपियन. पण ईसीसी८८ वेगळा. नऊ पिनांचा, त्याच सॉकेटमध्ये निमूट बसतो, म्हणून फसायला होतं. त्याच्या हीटरची जोडणी निराळी, आणि ईसीसी८३ची प्लेट ३०० व्होल्टपर्यंत सोसते तिथे याची मर्यादा १३०.

आणि हो, निघण्याआधी घरी एक काम करा. खरखर डाव्या स्पीकरमधून येतेय? प्रीअ‍ॅम्प बंद करा, प्लग काढा, थंड होऊ द्या (आत शेकडो व्होल्ट असतात आणि ते लगेच उतरत नाहीत, घाई नको). मग डाव्या-उजव्या चॅनलचे व्हॉल्व्ह आपसात बदला. खरखर उजवीकडे गेली तर व्हॉल्व्ह दोषी. जागची हलली नाही तर खरेदी कॅन्सल, मेकॅनिक गाठा.

लॅमिंग्टन रोडवर नाही मिळालं, तर चालत चोर बाजार. मटण स्ट्रीटवर मर्फी आणि फिलिप्सचे जुने रेडिओ अजून दिसतात. पण ईसीसी८३साठी अख्खा रेडिओ फोडायला लावू नका, प्लीज! घरगुती रेडिओत सहसा ईसीएच८१, ईएल८४ अशी मंडळी असतात, तुमचा नंबर नाहीच.

सुटा व्हॉल्व्ह हाती आला की आधी काचेवरचा चंदेरी डाग बघा. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरलीय, ठेवा खाली. ‘ओरिजिनल मुलार्ड’ म्हणून भाव चढला, तर छापील नावावर जाऊ नका, ते पुसून पुन्हा छापता येतं. काचेवर तळाशी बारीक कोड असतो. ब्लॅकबर्नच्या कारखान्यातल्या मालावर त्याची दुसरी ओळ ‘बी’नं सुरू होते. आज मुलार्ड नावानं येणारे नवे व्हॉल्व्ह रशियात बनतात. वाईट नाहीत, पण जुन्याच्या किमतीत का घ्यायचे?

माझं मत विचाराल तर नावाआधी शांतपणा. रेकॉर्ड प्लेअरच्या सुईकडून येणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा. त्या पहिल्या टप्प्यात व्हॉल्व्हची किंचितशी सूंसूंही कित्येक पट मोठी होते. तिथे पैसे घाला, पुढच्या टप्प्यात स्लोव्हाकियाचा नवा जेजे मस्त चालतो. घरी लावल्यावर पेन्सिलीनं हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा टण्ण आवाज घुमत राहिला, तर तो व्हॉल्व्ह फोनोसाठी बाद. म्हणून पैसे देण्याआधीच विचारा, ‘काका, आवाज आला तर बदलून देणार ना?’

जायचं शनिवारी. रविवारी लॅमिंग्टन रोड सुस्त, शुक्रवारी मटण स्ट्रीटची शटर्स खाली. आणि परतीची लोकल गर्दीच्या आधीची पकडा. पिना पटकन वाकतात.