किल्ली कुणाकडे ठेवता?

तुम्ही चार दिवस लग्नाला नाहीतर वारीला निघालात, की घराची किल्ली कुणाकडे ठेवता, ते आधी सांगा बरं. बरोबरच नेत असाल तर तुमचं घर बहुधा शहरात असणार. आमच्या वेल्ह्याच्या बाजूला अजून किल्ली शेजारी ठेवायची पद्धत आहे. शेजारीण सकाळी दार उघडते, तुळशीला पाणी घालते, गाईपुढं वैरण टाकते, मांजर कुठं कोंडलंय का बघते आणि पुन्हा कुलूप लावते. आपल्या कणगीत भात किती आणि डब्यात साखर किती, हे तिला सगळं कळतं. पण ते तिला आधीपासून ठाऊकच असतं म्हणा!

आता पंचाईत अशी झाली आहे, की किल्ली ठेवायला शेजारच उरत नाही. आमच्या वाडीतली निम्मी घरं गणपती आणि शिमगा सोडला तर बंदच असतात. पोरं धायरी-वारज्याला, कुणी मुंबईला, भोरकडची बरीचशी शिरवळच्या कारखान्यांत. घरं मात्र पूर्वीपेक्षा पक्की. वर स्लॅब, खिडक्यांना लोखंडी गज, दाराला बाहेरून आणखी एक जाळीचं दार. मागल्या पावसाळ्यात असंच एक घर फुटलं. तांब्याचे हंडे, पितळी समया, गॅसची टाकी आणि दोन पोती तांदूळ गेला. चोरांनी कुलपाला हातही लावला नाही, कडीकोयंडाच उपटून काढला. आणि आम्हाला कळलं कधी, तर नवव्या दिवशी! कारण त्या घराच्या दोन्ही अंगांची घरंही बंदच होती.

तेव्हापासून आमच्या मुलानं धोशा लावला आहे. एक तर तुम्ही दोघं पुण्याला या, नाहीतर मी कॅमेरा बसवतो. त्याचं चुकतं असं नाही. काळजी आहे म्हणून बोलतो. पण घर सांभाळायचं म्हणजे नेमकं काय सांभाळायचं, याचा विचार मी त्या निमित्तानं करू लागले.

माझं माहेर भोर तालुक्यातलं, वेळवंडी नदीच्या खोऱ्यातलं. त्या नदीवर भाटघरचं धरण झालं, ते १९२८ च्या सुमाराला पुरं झालं. पाण्याखाली गेलेलं कांबरेश्वराचं देऊळ उन्हाळ्यात पाणी आटलं की अजून उघडं पडतं, लोक दर्शनाला जातात. आमचं जुनं घरही त्याच पाण्यात. आजी तेव्हा नवी सून होती. ती सांगायची, की पाणी चढणार म्हटल्यावर आजोबांनी घराची कौलं, वासे, दाराची सागवानी चौकट आणि जातं, सगळं उतरवून बैलगाडीनं वर नेलं. ती चौकट माहेरच्या घराला आजही आहे. चौकटीवर हात ठेवून आजी म्हणायची, "घर उचलून आणलं गं, पण शेजार नाही आणता आला." अर्धी आळी एका डोंगराला गेली, अर्धी दुसऱ्या. बाळंतपणाला धावून येणारी कोण, रात्री हाक मारली तर ओ देणारं कोण, हे सगळं तिला नव्या जागी पहिल्यापासून जुळवावं लागलं. त्याला म्हणे दहा वर्षं लागली. भिंती दोन महिन्यांत उभ्या राहिल्या होत्या.

गावाची राखण हा पूर्वी कुणा एकट्या घराचा प्रश्न नव्हताच. राखणीला रामोशी असायचे आणि त्यांचा हक्क प्रत्येक खळ्यावर धान्याच्या रूपानं बाजूला निघायचा. चोरी झाली तर पावलांचा माग त्यांनी काढायचा. माग शिवेपलीकडं गेला तर पुढच्या गावाच्या राखणदारांच्या हवाली करायचा, नाहीतर नुकसान भरून द्यायचं. राखणाऱ्याचं पोट आणि घराची राखण अशी एका दोरीनं बांधलेली होती. १८१८ नंतर इंग्रजांनी किल्ल्यांवरच्या रामोश्यांची कामं आणि हक्क काढून घेतले. शेजारच्या पुरंदरच्या मुलखातून उमाजी नाईकांचं बंड उठलं, ते याच दुखण्यातून. १८३२ साली त्यांना पुण्यात फाशी दिलं. पुढं त्या साऱ्या जातीवरच गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. ज्यांच्या भरवशावर गाव झोपत होतं, त्यांनाच चोर ठरवायचं, हे मला कधी पटलं नाही.

आमच्या अंगणातून तोरणा दिसतो. शिवाजी महाराजांनी तो घेतल्यावर डागडुजीच्या खणकामात पुरलेलं धन सापडलं आणि त्या पैशातून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, असं सांगतात. ते धन कुणी पुरलं, त्याला ते परत का काढता आलं नाही, कोण जाणे. राजगडाला तीन माच्या, वर बालेकिल्ला, दरवाजे भक्कम. पण महाराजांच्या किल्ल्यावर कारभारी एक नसायचा. हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तिघं. किल्ल्या हवालदाराकडं, तरी एकट्याच्या मर्जीनं किल्ला कुणाच्या घशात जाऊ नये अशी ती योजना. शिवाय गडाच्या आसपासच्या लोकांना राखणीबद्दल जमिनी दिलेल्या. म्हणजे किल्ला गेला तर त्यांचं शेतही जाणार. एवढा तट बांधणारा माणूससुद्धा नुसत्या तटावर विसंबला नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता सोन्याचं बोलू. बायका म्हणतात, घरात नको तर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू. ठेवा, चांगलंच आहे. पण एवढं माहीत असू द्या: २०२२ पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे चोरी, आग किंवा नोकरांची लबाडी यांत लॉकरमधलं गेलं, तर बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. आजच्या भावानं पाच तोळ्यांना ते कुठं पुरणार? ठेवींचंही तसंच. बँकेतल्या ठेवीला २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, पण पतसंस्थेतली ठेव त्या विम्यात येत नाही. जमीन विकून आलेला पैसा जास्त व्याजासाठी एकाच पतसंस्थेत टाकणारी घरं आमच्याकडं कमी नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणि पूर आला, भूकंप झाला, तर बँक सहसा जबाबदार नसते. पुराचं म्हणाल तर पानशेत आमच्याच तालुक्यातलं. १२ जुलै १९६१ ला ते धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांतले वाडे कुलूपकड्यांसकट वाहून गेले. आदल्या रात्री जवानांनी पावसात वाळूची पोती रचून धरण सकाळपर्यंत धरून ठेवलं, म्हणून फुटलं ते दिवसाउजेडी. रात्री फुटतं तर किती माणसं झोपेतच गेली असती!

माझ्या आईनं मला दोन पाटल्या घातल्या होत्या. २००९ मध्ये धाकटीला नर्सिंगला घालायचं ठरलं, तेव्हा मी त्या मोडल्या. सासूबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. अडीनडीचं सोनं असं मोडायचं का, हा त्यांचा राग. आणि त्यांच्या दृष्टीनं तो खराच होता. धाकटीचं लग्न झालं, आणि २०१७ मध्ये जावई अपघातात गेले. पदरात तीन वर्षांची पोर. दवाखान्यातली नोकरी होती म्हणून ती कुणाच्या दारात उभी राहिली नाही. घराचंही एक बरं होतं. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नवरा-बायको दोघांची नावं जावयांनी आधीच लावून घेतली होती. भावकीत कुजबुज झाली, पण कागद बोलला. तुमच्या घराच्या उताऱ्यावर कुणाचं नाव आहे, ते एकदा काढून बघा. कुलूप बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

घर फुटल्यावर वाडीनं काय केलं, तेही सांगते. बंद घरांच्या किल्ल्या मालकांनी आमच्या इथं आणून ठेवल्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. आठवड्याला मी किंवा जाऊबाई दारं उघडून गळती आणि उंदीर बघून येतो. लावणीला जशी इर्जिक घालतात, तशी पोरांनी रात्रीची पाळी लावली आहे. अडचण आली की एका फोनवर साऱ्या गावाच्या मोबाईलवर निरोप जातो, त्या ग्रामसुरक्षा यंत्रणेत नावं नोंदवली. पहिल्या महिन्यात दोनदा फोन वाजले. एकदा बिबट्याची हूल, एकदा एका म्हाताऱ्याच्या छातीत दुखलं म्हणून. चोर अजून कुणी आलेला नाही.

मुलगा दिवाळीला कॅमेरा बसवणारच आहे. बसव म्हटलं. आषाढात चार-चार दिवस लाईट नसते, तेव्हा तो काय बघणार, हे मी विचारलं नाही. एक अट मात्र घातली आहे: आमच्या दारावर नको, बंद घरांच्या बोळाकडं तोंड करून लाव.