सिमरूची पाठ

चोपत्याहून तुंगनाथला निघालं की खालच्या जंगलात बुरांश असा लालभडक फुललेला असतो की निम्मी माणसं तिथेच फोटो काढत रेंगाळतात. त्याचाच भाऊबंद सिमरू त्याच्या वर, जिथे झाडांची हद्द संपते तिथे. पहाटे गोठून गेलेल्या त्या उतारावर त्याची पानं विडीसारखी वळून खाली लोंबत होती. उन्हं चढली तशी एकेक उलगडत आडवी झाली. गोठलेल्या पानाला कडक ऊन सोसत नाही, म्हणून ते अंग चोरतं आणि वितळायचं तेही सावकाश.

ऱ्होडोडेंड्रॉन कॅम्पॅन्युलेटम हे त्याचं पुस्तकातलं नाव. फूल फिकट जांभळं, कधी जवळजवळ पांढरं. मला मात्र पान आवडतं. वरून गुळगुळीत, उलटून पाहावं तर दाट तपकिरी लव.

विलायती बागांत हे दोघे भाऊबंद पोचले ते नथानिएल वॉलिकमुळे. हा डॅनिश डॉक्टर कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता. जहाज आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने जायचं, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. बुरांशचं बी फुंकरीने उडेल इतकं बारीक. ओल लागली तर कुजणार, तापलं तर मरणार. वॉलिकने ते तपकिरी साखरेच्या डब्यांत भरून धाडलं. इतक्या लांबच्या प्रवासात त्या डब्यात कुणा खलाशाने हात घातला नसेल, यावर माझा विश्वास नाही. बुरांशची काही रानं नक्की चहात विरघळली असणार. उरलेलं बी पोचलं, रुजलं, आणि 1825 मध्ये हॅम्पशरमधल्या एका बागेत पहिला बुरांश फुलला. तिथल्या थंडीपुढे तो नाजूकच ठरला. मग काटक अमेरिकन जातींशी त्याचे संकर लावले गेले, आणि आज बागांतून दिसणाऱ्या कितीतरी लाल झुडपांत त्याचं रक्त आहे. सिमरूही त्याच वर्षी वॉलिकमार्फतच तिकडे गेला. त्याला थंडीसाठी कुणाशी सोयरीक करावी लागली नाही. त्याच्याकडे वळून बघणारे कमी, हे मला त्याच्या पथ्यावर पडल्यासारखं वाटतं.

पान विषारी, गुरं तोंड लावत नाहीत. तरी पूर्वी ते वाळवून, तंबाखूबरोबर कुटून सर्दी-डोकेदुखीवर तपकीर म्हणून ओढत. आमच्या आजोबांची तपकीर साधी, बाजारची. डबी तेवढी पितळेची. जेवण झालं की चिमूट नाकाशी जायची, शिंका सुरू व्हायच्या, आणि आतून आजी ओरडायची, "अहो, आधी ओटीवर जा बघू! इथे ताक उघडं आहे."