हात कापतोय, तो भाग काप

लांबलचक जेवणाचं टेबल. त्यावर फळं, पक्वान्नं, ताटंच्या ताटं मांडलेली. एका टोकाला काळ्या कपड्यांतला एक म्हातारा एकटाच बसलाय. तो वाइनचा ग्लास उचलतो आणि त्या सगळ्या मेजवानीवर ओतून टाकतो. त्याचा हात थरथरतोय. ती थरथर लपवायचा कुणीही प्रयत्न केलेला नाही.

जॉनी कॅशच्या ‘हर्ट’ या गाण्याच्या व्हिडिओतलं हे दृश्य. दिग्दर्शक मार्क रोमानेक. लांबी जेमतेम चार मिनिटं. मी पुण्यात व्हिडिओ एडिटिंगचं काम करते. जाहिराती, रील्स, लग्नाच्या फिल्म्स, जे येईल ते. एडिटिंगबद्दल मला जे थोडंफार कळतं, त्यातलं बरंचसं या चार मिनिटांनी शिकवलंय.

आधी गाण्याबद्दल. ते मुळात कॅशचं नाहीच. ‘नाइन इंच नेल्स’च्या ट्रेंट रेझनरनं ते लिहिलं आणि 1994 साली ‘द डाउनवर्ड स्पायरल’ या अल्बममध्ये आणलं. तेव्हा तो तिशीच्या आतला होता. व्यसन, स्वतःचा तिटकारा, सगळं हातातून निसटत चालल्याची भावना असं ते गाणं. 2002 साली निर्माता रिक रुबिनच्या अल्बमसाठी सत्तरीतल्या कॅशनं ते गायलं. शब्द जवळपास तेच ठेवले. एक शिवी तेवढी काढली आणि तिथे काट्यांचा मुकुट आणला. पण पोरगा ‘सगळं गमावलं’ म्हणतो तेव्हा त्यात भीती असते, आणि गोळ्यांच्या व्यसनातून गेलेला सत्तरीचा माणूस तेच म्हणतो तेव्हा तो हिशेब असतो. कॅशचा व्हिडिओ पाहिल्यावर हे गाणं आता आपलं राहिलं नाही, असं खुद्द रेझनरला वाटलं.

हे सगळं नुसत्या आवाजानं झालं नाही. ते दिग्दर्शनानंही केलं.

रोमानेक हा काही साधेपणासाठी प्रसिद्ध माणूस नव्हे. मायकल आणि जॅनेट जॅक्सनचा ‘स्क्रीम’ हा त्याचाच. जगातल्या सर्वांत महागड्या म्युझिक व्हिडिओंमध्ये तो गणला जातो. चकाचक अवकाशयान, पांढरेशुभ्र सेट्स. कॅशकडे तो आला तेव्हा तब्येतीमुळे चित्रीकरण टेनेसीत, कॅशच्या घरीच करावं लागलं. ‘हाउस ऑफ कॅश’ हे त्याचं संग्रहालय बरीच वर्षं बंद होतं आणि त्याची पार रया गेली होती. दुसऱ्या कुणी आधी झाडलोट करून घेतली असती, तुटकं सामान फ्रेमबाहेर सरकवलं असतं. रोमानेकनं ते जसं होतं तसंच टिपलं. ‘बंद आहे’ सांगणारी पाटी, फुटलेली रेकॉर्ड, धूळ. गाणाऱ्याच्या चेहऱ्याला जे झालंय तेच त्याच्या कीर्तीलाही झालंय, हे एकही शब्द न उच्चारता कळतं.

आता एडिटिंग. आपल्या सिनेमात फ्लॅशबॅक कसा येतो आठवा. नायक शून्यात बघतो, पडदा लहरतो आणि मग जुना काळ सुरू होतो. म्हणजे दिग्दर्शक आपल्याला सांगतो की याला आता आठवतंय. ‘हर्ट’मध्ये कुणालाच काही आठवत नाही. आजचा सुरकुतलेला चेहरा, कट, आगगाडीतला दणकट तरुण. परत कट, परत म्हातारा. तुरुंगातल्या कैद्यांसमोरचा कॅश, गर्दीतला कॅश, लहानपणच्या पडक्या घरात शिरलेला कॅश. मध्ये लहर नाही की धूसरपणा नाही. दोन वयं शेजारी-शेजारी ठेवलीत आणि वजाबाकी आपल्यावर सोडलीय. म्हणून ती जास्त लागते.

सुरुवातीला शॉट्स शांत आहेत. खोली अंधारी, उजेड मोजका. सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांची स्थिरचित्रं असतात ना, ज्यांत भरल्या टेबलावर फळांशेजारी एखादी कवटी ठेवलेली असते, तशी ही चौकट. मग शेवटाकडे पियानोचा एकच सूर हातोड्यासारखा बडवला जातो आणि कट लहान-लहान होत जातात. कॅशनं 1973 साली येशूवर ‘गॉस्पेल रोड’ हा चित्रपट केला होता. त्यातली क्रूसावर खिळे ठोकण्याची दृश्यं मध्ये घुसतात. काट्यांचा तो मुकुट इथे आपला अर्थ उघड करतो.

हे सगळं मला माहीत होतं. पण या व्हिडिओचा खरा प्रश्न माझ्यासमोर आला तो सांगलीला, घरच्याच एका कामात. आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी मी दहा मिनिटांची फिल्म करत होते. आजोबांचं शिलाईचं दुकान होतं. मी मोबाइलवर त्यांच्याशी गप्पा मारत शूटिंग केलं होतं. एका क्लिपमध्ये ते बशीतून चहा पितायत, हात थरथरतोय आणि चहा धोतरावर सांडतोय. कच्चं एडिटिंग बघताना काका तिथेच थांबले.

“हात कापतोय, तो भाग काप.”

मी म्हटलं, पण तेच तर खरं आहे.

“खरं आहे म्हणून हॉलभर दाखवायचं होय? दोनशे माणसं येणार आहेत. आयुष्यभर ज्यानं लोकांचे कपडे बेतले, त्याची कीव करायला बोलावलंय का त्यांना?”

मला उत्तर सुचेना, कारण काकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. म्हातारं शरीर पडद्यावर दाखवणं आणि ते उघडं पाडणं यांत अंतर फार थोडं असतं. ‘खरं आहे’ एवढ्या एका कारणानं ते अंतर पार होत नाही. मग ‘हर्ट’ बघताना कीव का येत नाही? त्या रात्री मी तो व्हिडिओ पुन्हा लावला, या वेळी काकांचा प्रश्न घेऊन.

एक गोष्ट लगेच दिसली. कॅशचा हात नकळत पकडलेला नाही. तो कॅमेऱ्यासमोर बसलाय, ग्लास त्यानं स्वतः उचललाय, वाइन त्यानं स्वतः ओतलीय. हात थरथरतो, पण काय करायचं ते त्याच हातानं ठरवलंय. दुसरी गोष्ट क्रमाची. वाइनच्या त्या प्रसंगापर्यंत येताना आपण त्याला आगगाडीत, स्टेजवर, तुरुंगात बघितलेलं असतं. हा हात कुणाचा आहे ते तोवर आपल्याला कळलेलं असतं.

तिसरी गोष्ट म्हणजे जून. जून कार्टर कॅश, त्याची बायको. ती मागे जिन्यात उभी राहून त्याच्याकडे बघते. मूळ योजनेत हा शॉट नव्हता. ती तशी उभी दिसली आणि रोमानेकनं तिला फ्रेममध्ये घेतलं. अवघ्या काही सेकंदांचं काम. तिच्या नजरेत माया आहे, काळजी आहे, आणि पुढचं ठाऊक असल्याचं दुःख आहे. एडिटिंगच्या भाषेत ही नुसती रिअ‍ॅक्शन. पण तिच्यामुळे आपण तिऱ्हाईत राहत नाही. या माणसाकडे कसं बघायचं, ते त्याला सर्वांत जास्त ओळखणारी बाई आपल्याला दाखवते.

सकाळी मी लॅपटॉप आजोबांसमोर ठेवला आणि चहाची क्लिप दाखवली. त्यांनी चष्मा वर-खाली करून दोनदा बघितली.

“सांडला तर सांडला की. राहू दे. पण आधी मला कात्री धरलेला दाखव, मग चहा.”

दुकानातला त्यांचा जुना फोटो होता, गळ्यात टेप आणि हातात कात्री. तो मी आधी लावला. मग चहाची क्लिप पूर्ण लांबीची काढली. मी तिचा शेवट आधी छाटून टाकला होता. त्या शेवटी फ्रेमच्या कडेनं एक माणूस फडकं घेऊन येतो, वाकून धोतरावरचा चहा टिपतो आणि टिपता-टिपता आजोबांच्या तोंडाकडे बघतो. ते काका होते. ती नजर मी ठेवली. कार्यक्रमाला काका हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून फिल्म बघत होते. फिल्मविषयी ते माझ्याशी काही बोलले नाहीत, पण ‘काप’ असंही पुन्हा म्हणाले नाहीत.

‘हर्ट’चं चित्रीकरण झालं. 15 मे 2003 रोजी जून गेली. 12 सप्टेंबरला कॅश गेला. पुढच्या वर्षी व्हिडिओला ग्रॅमी मिळालं. 2007च्या एप्रिलमध्ये, नव्या मालकाचं दुरुस्तीचं काम चालू असताना, ते घरही जळालं.

तुम्ही हा व्हिडिओ बघितला नसेल तर आधी आवाजासकट बघा. मग एकदा आवाज बंद करून बघा आणि कट नेमके कुठे पडतात ते मोजा. शेवटी हाणामारीसारखं चाललेलं सगळं एकदम थांबतं. कॅश पियानोचं झाकण लावतो आणि त्यावरून हळूच हात फिरवतो. एवढा मोठा चेहरा हाताशी असताना रोमानेक शेवट चेहऱ्यावर करत नाही. तो त्या हातांवर करतो.