वजन किती, कुठे आणि कशाचं

विंचेस्टर, जुलै

प्रिय भाचीबाई,



गॅलाटिन नदीतलं बर्फाचं पाणी ओसरलं, बोझमनच्या दुकानातून डबी भरून निम्फ (पाण्याखालच्या किड्यांसारख्या फ्लाय) आणले, दर पंधरा मिनिटांनी फ्लाय बदलली, तरी ट्राउट काही तोंड लावेना, हे तुझं गाऱ्हाणं वाचलं. आणि शेवटच्या ओळीत भीत भीत विचारलेला प्रश्नही वाचला : "मामा, लीडरला वजन लावू का? लावलं तर किती?"

लाव. डबीतली पुढची फ्लाय काढण्याआधी वजन कमीजास्त करून बघत जा, एवढंच माझं सांगणं आहे. बाकीचं पत्र त्याची कारणं देण्यासाठी.

नदीचं पाणी वरून खालपर्यंत एकाच वेगाने वाहत नसतं. तळाच्या दगडगोट्यांना घासून खालचा थर मंदावतो, वरचा थर मात्र पळत असतो. ट्राउट खालच्या मंद पाण्यात, दगडाच्या आडोशाला उभा राहतो, कारण तिथे अंगाला कष्ट कमी आणि तोंडाशी खाणं आयतं येतं. तुझा निम्फ नुसता बुडाला म्हणजे भागलं नाही. लीडरचा, म्हणजे लाइन आणि फ्लायमधल्या दोऱ्याचा, जाड भाग वरच्या धावत्या पाण्यात असतो आणि तो खालच्या निम्फला ओढत नेतो. खऱ्या किड्यापेक्षा भरभर जाणाऱ्या त्या घासामागे मासा कशाला धावेल? वजनाची कामं दोन : निम्फला खाली नेणं, आणि खाली गेल्यावर वरच्या ओढीला दाद न देता मंद पाण्याच्या चालीने चालवणं. पहिलं सगळ्यांच्या लक्षात असतं, दुसरं विसरलं जातं.

हे जमलंय की नाही ते लीडरवरचा तरंगता इंडिकेटर सांगतो. त्याच्याशेजारून वाहणाऱ्या फेसाकडे बघ. इंडिकेटर फेसाच्या बरोबरीने किंवा पुढे पळत असेल तर वजन कमी आहे. फेसापेक्षा जरा रेंगाळत, मधूनच वजन तळाला टेकल्याने मान हलवत चालला असेल तर बेताचं आहे. प्रत्येक फेकीला वजन तळाशी अडकून बसत असेल तर जास्त आहे. म्हणून वजनाची एक मोठी गोळी लावण्यापेक्षा लहान लहान लावाव्यात. बीबी नंबरची गोळी साधारण 0.4 ग्रॅम, चार नंबरची तिच्या निम्मी, सहा नंबरची 0.1 ग्रॅमच्या आसपास. चारपासून सुरुवात कर आणि सहाच्या एकेक वाढवत जा. आत्ता ज्या डोहात तीन लागतील तिथेच सप्टेंबरच्या उतरत्या पाण्यात एक पुरेल. इंडिकेटर फ्लायपासून पाण्याच्या खोलीच्या दीड ते दोन पट अंतरावर असू दे.

गोळी फ्लायच्या वर वीतभर अंतरावर, टिपेटच्या, म्हणजे लीडरच्या शेवटच्या बारीक दोऱ्याच्या, गाठीच्या वरच्या अंगाला बसव, म्हणजे घसरून खाली येणार नाही. तुझं 5एक्स टिपेट जेमतेम 0.15 मिलिमीटर जाडीचं आहे. त्यावर चिमटा करकचून दाबलास तर दोरा तिथेच दुबळा होतो आणि चांगला मासा नेमका तिथेच तोडून जातो. त्याहून बरी युक्ती म्हणजे टिपेटची गाठ मारताना एक शेपूट बोटभर लांब ठेवायचं, त्याच्या टोकाला साधी गाठ द्यायची आणि गोळ्या त्या शेपटावर हलक्या हाताने दाबायच्या. दगडात अडकल्यावर ओढलंस की गोळ्या निसटतात, फ्लाय परत येते.

आता फेक. मालवणला आजोबा पाग टाकायचे ते तू पाहिलं आहेस. काठाला ओवलेलं शिसं भिरकावलं की त्याच्या जोरावर जाळं उघडतं. फ्लायच्या काठीचा हिशेब उलटा असतो. इथे लाइनचं वजन बिनवजनाच्या फ्लायला पुढे नेतं. टोकाला गोळी बांधलीस की हा हिशेब बिघडतो. हवेत मागेपुढे झुलवत बसलीस तर गुंता ठरलेला आणि कानाला गोळीचा प्रसादही. फेक संपली की लाइन प्रवाहाच्या खालच्या अंगाला ताणली जाऊ दे, पाण्याच्या ओढीने काठी वाकली की एकाच मोठ्या मोकळ्या वळशाने वर टाक. दिसायला ओबडधोबड दिसेल, पण काम होईल.

हे सगळं मी विंचेस्टरमधून लिहितोय, यातली गंमत तुला कळायला हवी. हॅलफर्डने 1889 मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लायचं शास्त्र मांडलं आणि इथल्या चॉक स्ट्रीमवर पृष्ठभागाखाली मासा धरणं कमीपणाचं ठरलं. लंडनचा सॉलिसिटर स्क्यूज आमच्या गावाला लागून असलेल्या इचेन नदीवर मासे धरायचा. ट्राउट बराचसा पाण्याखालीच खातो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि 1910 मध्ये पुस्तकात मांडलं. वाद इतका चिघळला की 1938 मध्ये फ्लायफिशर्स क्लबात निम्फवर रीतसर चर्चा झडली. स्क्यूजचे निम्फ मात्र बिनवजनाचे, पृष्ठभागाच्या जरासे खाली जाणारे. वजन आत घातलं ते अपर एव्हन नदीवरच्या फ्रँक सॉयर या रिव्हरकीपरने. त्याने रेशमी दोरा टाकून दिला आणि फेझंटच्या शेपटीचे तंतू तांब्याच्या बारीक तारेने बांधले. तीच तार बांधणीही झाली आणि वजनही.

इथल्या आमच्या मासेमारी क्लबात आजही वजन फ्लायच्या पोटात चालतं, लीडरवर चालत नाही. फिप्स-मूशच्या फ्लाय मासेमारीच्या जागतिक स्पर्धांतही हाच नियम आहे, म्हणून तिथले लोक टंगस्टनच्या मण्यांचे जड निम्फ बांधतात. मला हा भेद नीतीचा वाटत नाही. तुझ्या नदीवर गोळी चालते, तर ती लावण्यात कमीपणा नाही. शिवाय पोटात भरलेलं वजन फ्लाय बदलल्याशिवाय बदलता येत नाही, लीडरवरचं येतं.

नीतीचा खरा प्रश्न वेगळा आहे. गोळी निसटावी म्हणून मीच तुला शेपटाची युक्ती सांगितली. निसटलेली गोळी नदीतच राहते, तर ती कशाची आहे? हंस अन्न दळण्यासाठी पेषणीत खडे ठेवतात आणि तळातले खडे टिपताना शिशाच्या गोळ्याही गिळतात. पेषणीत शिसं झिजतं, रक्तात उतरतं, मानेचे स्नायू लुळे पडतात आणि पक्षी उपाशी मरतो. थेम्सवर असे हंस मरायला लागले तेव्हा जाग आली. 1987 पासून इंग्लंडमध्ये 0.06 ग्रॅमपेक्षा जड आणि 28.35 ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांना गळाच्या मासेमारीत मनाई आहे. हंस पुन्हा वाढले.

तुझ्या गॅलाटिनचा उगम यलोस्टोन पार्कात आहे. पार्कच्या हद्दीत शिशाच्या गोळ्या चालत नाहीत, कारण तिथे ट्रम्पेटर हंस आणि लून पक्षी थोडेच उरलेत. हद्दीबाहेरच्या दुकानात शिसं मिळेल, ते घेऊ नकोस. हद्द माणसांना कळते, हंसांना नाही. कथिलाच्या गोळ्या घे. पण हिशेब बदलेल हे ध्यानात ठेव. शिशाची घनता 11.3, कथिलाची 7.3. पाण्याची उचल वजा केली तर त्याच आकाराची कथिलाची गोळी शिशाच्या साधारण साठ टक्केच ओढ देते, म्हणून एक आकार मोठी लाव. टंगस्टनची घनता 19 च्या वर आहे, पण तो इतका कठीण की दोऱ्यावर दाबून बसत नाही. त्याची भुकटी मिसळलेली पुटी मिळते. ती बोटांत मळून गाठीवर थापायची, नको तेव्हा काढून परत डबीत ठेवायची. गार सकाळी कडक होते, तेव्हा आधी मुठीत धरून ऊब दे.

पुढच्या पत्रात मासा किती इंची होता ते नंतर लिही. आधी कुठल्या पाण्यात, कितव्या नंबरच्या किती गोळ्या लावल्यावर लागला ते लिही, कारण तेवढंच पुढच्या खेपेला उपयोगी पडतं. पार्कात जाशील तेव्हा तिथला वेगळा परवाना काढ, माँटानाचा चालत नाही. आणि वेडर घातलास की कमरेचा पट्टा आवळल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकू नकोस. ताईला मी तसा शब्द दिलाय.

तुझा,
मामा