सामायिकात ऐकू आलेलं



श्रीरामपूरला लग्न होऊन आले, तेव्हापासून दुपारची एक सामायिक मी सहसा चुकवत नाही. आसन, मुहपत्ती, माळ आणि समोर वाळूची घडी. अठ्ठेचाळीस मिनिटं. सामायिकाचे बत्तीस दोष मला लहानपणापासून पाठ आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या चिचोंडीत जन्मलेल्या आचार्य आनंदऋषीजी म.सा. यांच्या प्रेरणेने पाथर्डीला धार्मिक परीक्षा बोर्ड सुरू झालं. त्या परीक्षांसाठी आईने ते माझ्याकडून घोकून घेतले होते. दहा मनाचे, दहा वचनाचे, बारा कायेचे. आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

तरीही मागच्या पर्युषणात माझं मन सामायिकात लागेना. स्टेशनवरून गाडीचा भोंगा आला तरी आधी कधी लक्ष जात नसे. आता मात्र स्वयंपाकघरात साधी वाटी वाजली, तरी कान तिकडेच. वाटायचं, सूनबाई मुद्दामच आवाज करते. माळ फिरत राहायची, मी मनात तिच्याशी भांडत राहायची.

त्याआधी काय झालं होतं, ते सांगते. लग्नानंतरचं तिचं ते पहिलंच पर्युषण. तिने तेला करायचा म्हटलं आणि मी लगेच अहिल्यानगरला, पुण्याला सगळ्यांना फोन करून टाकले. पच्चक्खाण ती रोजचं रोज घेत होती. दोन उपवास झाले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचं डोकं इतकं दुखायला लागलं की तिने पारणं केलं. त्याच दिवशी स्थानकात बायकांनी विचारलं, तेव्हा तिच्यासमोरच मी म्हणाले, "आजकालच्या मुलींना भूक कुठे सहन होते?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

दोन दिवस हीच घालमेल झाल्यावर मला पुणिया श्रावकाची गोष्ट आठवली. आपल्या सगळ्यांच्या माहितीची आहे. एके दिवशी त्याचं चित्त सामायिकात लागलं नाही. त्याने ना शेजाऱ्याला दोष दिला, ना आवाजाला. उठल्यावर बायकोला विचारलं, "आज आपल्या घरात काय वेगळं आलं?" तेव्हा कळलं, न विचारता आणलेली दुसऱ्याची गोवरी घरात आली होती.

मी विचार केला, माझ्या घरात काय आलंय? त्या दिवशी सामायिकात तो विचार ढकलून दिला नाही. मन पुन्हा स्वयंपाकघराकडे धावलं, तेव्हा त्यालाच विचारलं, तिथे काय आहे? उत्तर लगेच आलं. तिथे भांड्यांचाच आवाज होता. एरवी काम करताना ती स्तवन गुणगुणते, ते बंद झालं होतं.

मग एकेक उलगडत गेलं. दोन उपवास म्हणजे बेला तर झालाच होता! त्याची अनुमोदना घरात कोणी केली नाही. मी तिची साता विचारली नाही. मला बोचत होते ते माझे फोन. मनाच्या दहा दोषांत यशकीर्ती येते, गर्व येतो. इतकी वर्षं म्हणत आले, पण स्वतःला कधी ऐकवले नव्हते.

सामायिक पाळून मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि तिला खमावलं. ती खाली बघत म्हणाली, "मम्मी, तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात."

खरं सांगते, मला राग आला. मी मोठी असून माफी मागितली, आता अजून काय हवं? पण रात्री प्रतिक्रमणात बसले, तेव्हा तिचंच वाक्य कानात होतं. आणि ते बरोबर होतं.

संवत्सरीनंतर स्थानकात महिला मंडळाच्या बायका जमल्या, तेव्हा मी उभी राहिले. पाय थरथरत होते. म्हटलं, "माझ्या सुनेने बेला केला. मी तिची अनुमोदना करायची सोडून तिला टोमणा मारला. तुमच्यासमोर मी तिला खमावते." यावेळी कोणी हसलं नाही.

घरी येईपर्यंत ती काहीच बोलली नाही. संध्याकाळी चौविहाराच्या आधी पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, "मम्मी, साता आहे ना?"

मैत्रिणींनो, यातून मला एक फरक समजला. तिने असं का केलं, हे घोळवत बसणं म्हणजे आर्तध्यान. माझ्याकडून काय घडलं, हे शोधणं म्हणजे आलोचना. दोन्ही वेळा आपण शांतच बसलेलो दिसतो, त्यामुळे फसगत होते. आता सामायिकात मन एकाच जागी पुन्हा पुन्हा गेलं, की मी बाहेरच्या आवाजाला दोष देत नाही. पुणियासारखं विचारते, माझ्या घरात काय आलंय? बहुतेक वेळा उत्तर मिळतं. ते आवडतंच असं नाही.

तुमचं मन सामायिकात कुठे जातं, एकदा त्यालाच विचारून पाहा.