ओलाव्याचा आकडा

मुलांना व्याकरण शिकविण्यांत आमचीं ३६ वर्षें गेलीं. एका अनुस्वाराची चूकही आम्हीं कधीं सोडली नाहीं, असा आमचा लौकिक होता. अशा माणसाच्या हातून खोटा आकडा लिहिला जावा, ही हकीकत सांगतांना संकोच वाटतो. पण सांगण्यासारखी आहे म्हणून सांगतों.

यवतमाळ जिल्ह्यांत, पांढरकवड्याच्या बाजूस, आमच्या घराण्याचा जुना जिनिंगचा कारखाना आहे. आमचे थोरले बंधु तो चालवीत असतां सारा कारभार दिवाणजींच्या रोजमेळांत आणि दादांच्या डोक्यांत असे. आज कोणता ढीग यंत्रावर घ्यावयाचा, कोणत्या जिनचा रोलर झिजला, हें दादा आवारांतून एक फेरी मारून सांगत. मात्र दादा आजारी पडले कीं कारखानाही आजारी पडे. पुढें त्यांनीं अंथरूण धरलें, व्यवस्था पुतण्याकडे आली, आणि त्यानें संगणकावर नियोजनाचें सॉफ्टवेअर बसविलें. आम्हीं मनांत म्हटलें, कापसाला कसलें आलें आहे नियोजन!

काम जवळून पाहिल्यावर मत बदललें. गाडी कांट्यावर आली कीं वजन, कापसाची जात, ओलावा आणि ढिगाचा क्रमांक नोंदावयाचा. तो ढीग कोणत्या दिवशीं कोणत्या जिनवर गेला, रुई किती निघाली, सरकी किती, हेंही त्याच क्रमांकाखालीं. साधारणपणें १०० क्विंटल कापसांतून ३४ क्विंटल रुई निघते, म्हणजे १७० किलोच्या २० गाठी. ६३ क्विंटलच्या आसपास सरकी, आणि उरलेली घट. एखाद्या जिनची ताशी रुई उतरूं लागली कीं रोलरचें चामडें झिजत आहे असें समजावें. पूर्वीं हें ऐन गर्दींत, गाड्या दारांत खोळंबल्यावर कळे. आतां आधीं कळतें. ओला ढीग पसरून वाळवावयाचा व कोरडा यंत्रावर घ्यावयाचा, हा क्रमही आदल्या संध्याकाळींच ठरतो.

निवृत्त होऊन रिकामे बसण्यापेक्षां बरें, म्हणून ओलाव्याची नोंद करण्याचें काम आम्हीं मागून घेतलें. या आकड्याचें महत्त्व वाचकांस सांगितलें पाहिजे. सरकारी खरेदींत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, तेथून १२ टक्क्यांपर्यंत प्रमाणानें कपात, आणि त्यापुढें कापूस घेतच नाहींत. खाजगी खरेदींतही भाव याच मापावर हलतो. हंगामाचा पहिला वेचा, त्यावर परतीचा पाऊस पडलेला. येणाऱ्यांपैकीं निम्मे आमचे विद्यार्थी, नाहीं तर विद्यार्थ्यांचे बाप. यंत्र १४ दाखवी, आणि समोरचा माणूस यंत्राकडे न पाहतां आमच्या तोंडाकडे पाही. "गुरुजी, पोरीचं लगन हाये जी," एवढेंच तो म्हणे. आणि आमच्या हातून १२ लिहिलें जाई. त्या रात्रीं आम्हांस झोंपही चांगली लागे, कारण आपण पुण्य केलें असेंच वाटे.

जानेवारींत एके संध्याकाळीं पुतण्यानें पडद्यावर एक आलेख दाखविला. "काका, बहुतेक ढिगांची घट ३ टक्क्यांच्या आसपास आहे, पण या अकरा ढिगांची ५ वर गेली आहे. रुई कोठेंतरी मुरते आहे." संशय कांट्यावरच्या माणसावर आला. तोही आमचाच विद्यार्थी. दुसऱ्या दिवशीं त्याला कामावरून कमी करावयाचें ठरलें.

रोजची थोडी कमीजास्त स्वाभाविक असते, पण ठराविक मर्यादेबाहेर गेलेल्या आकड्याला कांहीं विशेष कारण असतें व तें शोधावें, हा विचार अमेरिकेंत वॉल्टर शूहार्ट यांनीं १९२४ सालीं मांडला. त्याच सालीं मुंबईस माटुंग्याला कापसाची संशोधनशाळा निघाली. म्हणजे विचाराला शंभर वर्षें होऊन गेलीं; पण कारण शोधूं लागलें कीं बोट प्रथम गरिबाकडे वळतें, ही आपली खोड जुनीच आहे.

आम्हीं त्या अकरा ढिगांच्या नोंदी उघडल्या. ओलाव्याच्या रकान्यांत १२, १२, १२. एकाच आकड्याची अशी रांग निसर्गांत नसते. ती मनुष्याच्या हातचीच असते. आणि हात आमचा होता. कागदावर नसलेलें दोन टक्के पाणी आवारांत वाळून गेलें होतें, आणि त्याची चोरी दुसऱ्याच्या माथीं बसत होती.

सकाळ होण्याची वाट न पाहतां आम्हीं पुतण्याला सर्व सांगितलें. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, सूट द्यायची तर आपण देऊं. पण आकडा खरा लिहा. आतां कस्तुरी कॉटनसारख्या योजनेंत गाठीवरच्या क्यूआर खुणेनें तिचा माग पार जिनपर्यंत लागतो. आपण लिहिलेलें खोटें आपल्या आवारांत राहत नाहीं."

दादांना कळलें तेव्हां ते अंथरुणावरूनच म्हणाले, "मीही सूट देत होतों रे. पण ती माझ्या नांवें खर्चीं पडत होती." आम्हीं जुने रोजमेळ काढून पाहिले. दादांच्या अक्षरांत तशा नोंदी खरोखरच होत्या.

कांट्यावरच्या त्या माणसाच्या घरीं आम्ही स्वतः गेलों व झालें तें सांगितलें. त्यानें चहा केला. त्या विषयावर तो एक अक्षर बोलला नाहीं. त्याचें तें न बोलणें आम्हांस अजून आठवतें.

आतां पडद्यावर ओलाव्याशेजारीं 'सवलत' असा एक रकाना आहे, आणि ती कोणाच्या नांवें तें लिहावें लागतें. यंदा त्यांत पंधरा नोंदी झाल्या. पैकीं चार आमच्या निवृत्तिवेतनांतून. बाकीच्या वेळीं आमचाही हात आखडला, हें कबूल केलें पाहिजे. दुसऱ्याच्या पैशानें दया करणें किती सोपें होतें, हें त्या रकान्यानें आम्हांस शिकविलें.