सोफा तीन फूट पुढे

आईला सिनेमातलं बोलणं कळेना, म्हणून मी पाच स्पीकर आणि एक सबवूफर घेतला. आई पंचाहत्तरीची. टीव्हीवर गाणं लागलं की कानठळ्या बसायच्या, आणि माणसं बोलू लागली की पुटपुटल्यासारखं वाटायचं. अख्खा चित्रपट रिमोट हातात धरून बघावा लागे.

दुकानातून आलेल्या माणसाने तासाभरात सगळं बसवलं. मागचे दोन स्पीकर छताजवळच्या कोपऱ्यांत ठोकले, मधला टीव्हीखालच्या खणात आत सरकवला आणि सबवूफर प्लगजवळ ठेवला. रात्री चित्रपट लावला, घर दणाणलं. आई म्हणाली, "अरे, आता तर काहीच कळत नाही."

ते फार लागलं मला. पुढचे तीन रविवार मी टेप घेऊन हॉलमध्येच होतो.

चित्रपटातले संवाद बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतात. आमचा तोच स्पीकर खणात अडकला होता आणि शब्द लाकडात घुमत होते. तो कडेपर्यंत पुढे ओढला, पुढच्या बाजूने खाली रबराचे दोन तुकडे सारले आणि त्याचं तोंड आईच्या कानाकडे वळवलं. निम्मं काम तिथेच झालं. पैसे मोजकेच असतील तर ते आधी या मधल्या स्पीकरवर घालावेत, असं माझं ठाम मत आहे.

मग सोफा. हॉल 14 बाय 10 फुटांचा, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला. भिंतीलगत खर्ज साचतो आणि मागच्या आवाजाला मागे जागाच राहत नाही. सोफा तीन फूट पुढे घ्यायचा म्हटल्यावर आईचा पहिला प्रश्न, "गॅलरीत जायला वाट कुठे राहिली?" वाट राहिली. मागचे स्पीकर कोपऱ्यांतून काढून स्टँडवर ठेवले. टीव्हीची दिशा शून्य अंश धरली, तर दोन्हीकडे साधारण 110 अंशांवर, म्हणजे बाजूला पण किंचित मागे, आणि कानाच्या फूटभर वर.

तारा सोडवताना कळलं, की डाव्या स्पीकरच्या प्लस-मायनस उलट्या जोडलेल्या होत्या. असं झालं की एका स्पीकरचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो आणि खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो. लाल रेघेची तार दोन्ही टोकांना प्लसलाच गेली पाहिजे. एवढं साधं काम, तेही नीट झालं नव्हतं.

ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो. आईपासून पुढचे स्पीकर नऊ फुटांवर आणि मागचे साडेचार. म्हणजे मागचा आवाज आधी पोचणार. ही अंतरं रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या यंत्रात भरली, की तो मागच्यांना तेवढं थांबवून धरतो. मग आईच्या जागी बसून, फोनवरचं आवाज मोजायचं ॲप कानाजवळ धरून, प्रत्येक स्पीकरचा चाचणी-आवाज 75 डेसिबलवर आणला. मधला मात्र दोन डेसिबलने चढा ठेवला. नियमात बसत नसेल, पण आईसाठी तेच बरोबर होतं.

सबवूफरची जागा शोधायला तो चक्क सोफ्यावर ठेवला, खर्जाचं संगीत लावलं आणि मी जमिनीवर रांगत फिरलो. जिथे खर्ज एकसारखा, गच्च न होता ऐकू आला, तिथे त्याला नेऊन ठेवलं. 80 हर्ट्झच्या खालचं सगळं त्याच्याकडे सोपवलं. खालच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे, म्हणून खाली जाड रबरी मॅट घातली आणि रात्री नऊनंतर तो बंदच असतो. टाइल्सवर सतरंजी पसरली. टाळी वाजवली की पूर्वी खोली टणटणायची, ते थांबलं.

तिसऱ्या रविवारी 'किल्ला' हा मराठी चित्रपट लावला. कोकणातला पाऊस सोफ्याच्या दोन्ही बाजूंना पडत होता आणि त्यातूनही मुलांचं बोलणं स्वच्छ येत होतं. आईने एकदाही "काय म्हणाला?" विचारलं नाही.

पहिल्या रात्री रिसीव्हरवरचा आवाजाचा आकडा 55 वर होता. आता 38 वर आईला सगळं कळतं.